मडावी सरांचे तळवे

मंगळवारी सकाळी मला ओट्यावर रक्त दिसलं.

पहिला ठिपका भिंतीपाशी होता. दुसरा त्याच्या पुढे, एका पावलावर. मग तिसरा. चुन्याने आखलेल्या मोठ्या आठच्या आकड्यावरून ते ठिपके वळत गेले होते. जिथे ते संपत होते तिथे मडावी सर अनवाणी चालत होते. हात पाठीमागे, मान खाली. डावा पाय उचलला की एक ठिपका. मागे काय राहतंय ते त्यांना माहीत नव्हतं.

आकडा पूर्ण करून ते थांबले आणि म्हणाले, "झालं."

त्या शब्दावर आठ पोरं खाली बसली आणि स्केट्सच्या नाड्या बांधायला लागली. रिंकू सगळ्यात लहान, आठ वर्षांची. तिने ठिपक्यांकडे बोट केलं.

"ताई, गेरू सांडला काय?"

मी हो म्हटलं. मग झाडू घेऊन त्यावर माती ओढली.

हा ओटा हिंगणघाटच्या एका जिनिंगच्या आवारात आहे. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत त्यावर कापसाच्या गंज्या असतात. हंगाम संपला की ओटा रिकामा होतो. मग पुढच्या दिवाळीपर्यंत तो आमचा. मडावी सर याच जिनिंगमध्ये गाठी बांधायच्या प्रेसवर कामाला आहेत. मालकांनी वीस वर्षांपूर्वी त्यांना तोंडी परवानगी दिली. ती अजून तोंडीच आहे.

कापूस जातो, पण सरकी राहते. सिमेंटच्या जोडांत, भिंतीच्या कडेला, वाऱ्याने नेली तर कुठेही. कापसाची एक बी, बोटाच्या पेराहून लहान. चपलेखाली ती कळत नाही. वेगातल्या चाकाखाली आली की चाक जागीच अडतं आणि माणूस पुढे फेकला जातो.

म्हणून आमच्याकडे आधी झाडायचं, मग चालायचं. सगळी पोरं भिंतीला पाठ लावून एका ओळीत उभी राहतात, हातभर अंतरावर, अनवाणी. समोर ट्रक तोलायचा काटा आहे. तिथपर्यंत हळूहळू जायचं, तळवा पूर्ण टेकवत. काही लागलं की वाकून उचलायचं आणि पत्र्याच्या डब्यात टाकायचं. पोरांचं आटोपलं की सर एकटे चालतात, आखलेल्या रेषांवरून. ते 'झालं' म्हणेपर्यंत कोणी स्केट्स घालत नाही. मी इथे आले तेव्हा नऊ वर्षांची होते. आता चोवीस. या पंधरा वर्षांत सरकीमुळे कोणी पडलं नाही. बाकी हजार कारणांनी पडलो.

सरांचं पूर्ण नाव श्रावण मडावी. श्यामजी पंतांच्या तळेगावाच्या वरच्या अंगाला, जंगलाला लागून त्यांचं गाव. घरी गोंडी बोलतात. विसाव्या वर्षी ते नागपूरला एका शाळेत झाडायच्या कामावर लागले. शाळेत स्केटिंगचा रिंक होता. सात वर्षं त्यांनी तो झाडला, आणि झाडून झाल्यावर कडेला उभं राहून पाहिलं. तिथल्या प्रशिक्षकांनी एकदा विचारलं, काय पाहतोस. हे म्हणाले, तिसऱ्या पोरीचा मागचा पाय उशिरा उचलला जातो. प्रशिक्षकांनी पोरीला पुन्हा करायला लावलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी यांच्या मापाचे जुने स्केट्स आणले.

सरांनी स्वतः कधी स्पर्धा केली नाही. गिरक्या, उड्या, एका पायावरचे आकडे, सगळं त्या रिंकच्या कडेला शिकले आणि इथे आणलं. लोकांना टीव्हीवरचं बर्फावरचं स्केटिंग माहीत असतं. आमच्याकडे बर्फ फक्त गोळेवाल्याकडे. आम्ही तेच चाकांवर करतो.

माझ्यासोबतचा कुंदन आता वीज मंडळात लाइनमन आहे. खांबावर चढण्याआधी तो खांबाभोवती दोनदा फिरतो. सोबतचे त्याला नवरदेव म्हणतात. सपना वर्ध्याला नर्स आहे. पेशंटला झोपवण्याआधी ती चादरीवरून तळहात फिरवते, एखादी सुई राहिली असेल म्हणून. हे आपल्याला कोणी शिकवलं नाही असं ती म्हणते. माझी तर उडी कधीच नीट जमली नाही. तरी मी येत राहिले. मराठीत एम.ए. झाले, अल्लीपूरच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले, तरी सकाळी सहाला ओट्यावर. सर स्पर्धांचे फॉर्म माझ्याकडून भरून घेतात. सराव संपला की काट्याच्या पायरीवर आम्ही चहा पितो. बावन्न वर्षांचा माणूस आणि मी, पण मैत्री म्हणावी अशी तीच एक.

त्या मंगळवारी मी चहा आणला नाही. सरांना पायरीवर बसवलं आणि डावा पाय वर घ्यायला सांगितलं.

"काऊन वं वर्षे?"

अंगठ्याच्या मागे, मांसल भागात गाठीच्या लोखंडी पट्टीचा तुकडा होता. नखाएवढा. अर्धा आत. मी तो ओढून काढला तेव्हा सरांनी पाय मागे घेतला नाही. पाय दुसऱ्या कोणाचा असावा तसे ते पाहत राहिले.

मी विचारलं, कधीपासून.

"मागच्या दिवाळीपासून मोजे घातल्यासारखं वाटून राह्यलं," ते म्हणाले.

साखरेच्या आजाराची गोळी त्यांना सहा वर्षांपासून होती. हे मला माहीत होतं. मोज्यांचं नव्हतं. मी मनात मोजलं. ओटा मे महिन्यात रिकामा झाला. आता पोळा होऊन गेला होता. चार महिने सर त्या तळव्यांनी चालत होते आणि 'झालं' म्हणत होते. चार महिने पोरं त्या शब्दावर चाकं सोडत होती.

त्यांना सगळं कळत होतं. रविवारी नागपूरला निवड स्पर्धा होती. आमची तीन पोरं जाणार होती. त्यात खरी आशा रक्षाची. तेरा वर्षांची, आणि या वयोगटात तिचं हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी तिच्यासमोर सोळा-सोळा वर्षांच्या मुली येणार होत्या.

"रविवारपर्यंत सांगू नोको," सर म्हणाले. "आईबाप घाबरतीन. पोट्टे घरी बसवतीन."

मी बरं म्हटलं. म्हणायला नको होतं.

बुधवारी मी त्यांना एका डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला लावले. एक जाड नायलॉनचा धागा तळव्याला ठिकठिकाणी टेकवला आणि लागलं की सांगा म्हणाले. धागा वाकेपर्यंत दाबला तरी सर गप्प होते. मग एकदा म्हणाले, लागलं. तेव्हा डॉक्टरांचा हात हवेत होता. धागा कुठेच टेकलेला नव्हता.

डॉक्टर म्हणाले, आजच वर्ध्याला जा. सर म्हणाले, सोमवारी.

बुधवारच्या सकाळपासूनच मी पाऊण तास आधी येऊ लागले होते. पोरं यायच्या आत एकदा चालायचे, पोरांचं झाल्यावर चुना नीट करायच्या निमित्ताने पुन्हा. पंधरा वर्षं माझे तळवे ओळीत होते. शेवटचे कधीच नव्हते. आता मला सगळंच सरकी वाटायला लागलं. वाळूचा कण, चुन्याची खपली, सिमेंटचा उंचवटा. वाकायचे, पाहायचे, काही नसायचं. दोन पावलांनी मन परत न्यायचं. बुधवारी तीन सापडल्या. गुरुवारी पोरांचं चालून झाल्यावर एक सापडली, अगदी आठच्या रेषेवर. सर तिथून दहा पावलांवर होते. मी ती मुठीत घेतली.

कॉलेजात शिकवताना मी वाक्य अर्धं सोडून फळ्याकडे पाहत राहायचे. एखादी सुटली असेल, हे एकच डोक्यात. दुपारी रक्षाच्या घरावरून जाताना ती दारात दोन्ही पायांवर उभी दिसली की बरं वाटायचं.

गुरुवारी चहा पिताना सर खुशीत होते. नवीन गोळीने फरक पडतोय म्हणाले. आज उजव्या टाचेला खडा लागला, साफ लागला. माझा त्यांच्यावर विश्वास बसत नव्हता. आणि मला तो बसायला हवा होता. डॉक्टरांचा हवेतला हात आठवत होता.

शुक्रवारी मी डब्यातून एक सरकी घेतली.

पोरांचं चालून झालं होतं. मी चुन्याचं डबडं घेऊन आठच्या मध्यावर गेले. दोन वर्तुळं जिथे एकमेकांना लागतात तिथे सर नेहमी पाय जुळवून क्षणभर थांबतात. मी सरकी बरोबर तिथे ठेवली. मला वाटलं, त्यांना लागेल. ते वाकतील, उचलतील, पोरांना रागावतील. मग मी रविवारपर्यंत नीट श्वास घेईन.

सर आले. डाव्या तळव्याला पट्टी होती, पोरांना काच लागल्याचं सांगितलं होतं. उजवा पाय उघडा होता. पहिलं वर्तुळ संपलं. मध्यावर त्यांनी पाय जुळवले. उजवी टाच सरकीवर आली. मला ती टाचेखाली जाताना दिसली. सर तिच्यावर उभे राहिले, नेहमीइतके. मग पुढे चालले. दुसरं वर्तुळ पूर्ण केलं.

"झालं."

मी जागची हलू शकले नाही. किती वेळ ते सांगता येत नाही. भानावर आले तेव्हा रक्षाच्या नाड्या बांधून झाल्या होत्या. मी धावत मध्यावर गेले. सरकी तिथे नव्हती.

मी गुडघ्यांवर बसले. हात फिरवला. डावीकडे, उजवीकडे, जोडात. नव्हती. सरांच्या पावलाने ती कुठेही गेली असू शकत होती, आणि रक्षा निघाली होती. एका पायावर, उलटी, पाठ पुढे करून ती पहिल्या वर्तुळात शिरली. आमच्याकडे एक नियम आहे. आकड्यावर असलेल्याला हाक मारायची नाही. हाकेने मान वळते आणि मान वळली की तोल जातो. मी ओरडू शकत नव्हते. चाकांचा आवाज माझ्या पाठीमागून जवळ आला आणि लांब गेला.

"वर्षे, बाजूले हो," सर कडेवरून हळूच म्हणाले. "तिच्या रेषेत हायेस तू."

मी उठून त्यांच्याजवळ गेले.

"सर, मी मधे सरकी ठेवली होती. तुम्ही तिच्यावर उभे होते. आता सापडून नाई राह्यली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग तीन टाळ्या वाजवल्या, सारख्या अंतराने. तीन टाळ्या म्हणजे वेग कमी करत बाहेरच्या रेषेने थांब. थांबायला रक्षाला एक पूर्ण फेरी लागली. ती मध्यावरून एकदा गेली. मी डोळे मिटले नाहीत. ती भिंतीपाशी येऊन थांबली आणि काय चुकलं म्हणून विचारू लागली.

सरांनी सगळ्यांना स्केट्स काढायला लावले. पोरं पुन्हा चालली. काही सापडलं नाही. रिंकू खालीच बसून मोजे ओढत होती, सरांच्या पायांच्या उंचीवर.

"सर, तुमच्या टाचेत काय अडकलं?"

सर खाली बसले. उजवी टाच वळवली. टाचेला खोल भेगा होत्या. त्यातल्या एकीत सरकी रुतली होती, बुडापर्यंत. त्यांना नीट धरता येईना. मी ती नखाने काढली. एवढं करताना त्यांचा चेहरा जराही हलला नाही. पोरं तेच पाहत होती, त्यांचा चेहरा.

त्यांनी सरकी तळहातावर घेतली.

"पोट्टेहो, मले पायाले लागत नाई," ते म्हणाले. "दिवाळीपासून."

रिंकूने विचारलं, "मंग तुम्ही काऊन चालत होते?"

"तुम्ही वाट पाहून राह्यले होते म्हणून."

त्या संध्याकाळी ते माझ्या स्कूटीवर मागे बसून आठही घरी गेले. प्रत्येक घरी स्वतः सांगितलं. बहुतेकांनी ऐकून घेतलं आणि चहा ठेवला. चहाचा घोट घेताना लोक त्यांच्या पायांकडे पाहत. एका आईने लेकीला हळूच जवळ ओढून तिचे गुडघे चाचपले. रक्षाचे वडील अंकुशभाऊ आमच्याच जिनिंगमध्ये काट्यावर बसतात. रोज सकाळी त्यांच्या खिडकीतून ओटा दिसतो. त्यांनी चहाचं विचारलं नाही.

"मंग एवढे दिवस आमचे पोट्टे कोणाच्या भरोशावर पळत होते?"

"माह्या," सर म्हणाले. "चूक झाली."

अंकुशभाऊ दाराकडे वळले. रक्षाला पाठवायचं की नाही ते रविवारीच कळेल, एवढं बोलून आत गेले. दाराआड रक्षा उभी होती. तिने आमच्याकडे पाहिलं नाही.

सरकी कोणी ठेवली ते कोणीच विचारलं नव्हतं आणि सरांनी सांगितलं नव्हतं. परत येताना मी म्हटलं, मी सांगते सगळ्यांना. सर मागून म्हणाले की नको. ठेवली नसती तर ते रविवारीही चालले असते आणि सोमवारीही. थोडं अंतर गेल्यावर मात्र म्हणाले, "पण ओट्यावर सरकी ठेवते काय वं कोणी?" आवाजात राग होता. खरा होता. मी स्कूटी चालवत राहिले.

घरी सुलोचनाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, दार उघडलं. सर सांगायला लागले तर त्या म्हणाल्या, माहीत आहे. हिवाळ्यात कढत पाण्याच्या बादलीत पाय घालून हे पेपर वाचत बसले होते. बाईंनी त्यात हात घातला तर हात भाजला. तेव्हापासून त्या पाण्यात आधी स्वतःचा हात घालत होत्या, आणि त्यांनीही कोणाला सांगितलं नव्हतं.

शनिवारी सराव ठेवला नाही. मी तरी सहाला गेले. ओट्यावर कोणी नव्हतं. काट्याची खिडकी बंद होती.

रविवारी पहाटे बसस्टँडवर दोन पोरं वेळेत आली. रक्षा नव्हती. बस लागली. सर खाली उभे राहून रस्त्याकडे पाहत होते, पट्टी बांधलेला पाय जरा उचलून. कंडक्टर दुसऱ्यांदा म्हणाला, चला. मी वर चढले तर पुढच्या सीटवर अंकुशभाऊ बसलेले. शेजारी रक्षा, मांडीवर स्केट्सची पिशवी. ते मागच्या चौकातूनच चढले होते. समोरची जागा त्यांनी रुमाल टाकून धरली होती. सर आल्यावर त्यांनी रुमाल उचलला.

"पाय लांब करा," एवढंच म्हणाले.

नागपूरचा रिंक चकचकीत होता. सगळीकडची पोरं आल्याआल्या स्केट्स घालून आत उतरत होती. रक्षाची सरावाची वेळ आली. तिने बूट काढले, मोजे काढले, कडेच्या कठड्याला पाठ लावली. आमची बाकी दोघं तिच्या बाजूला, हातभर अंतरावर. तिघं चालायला लागली. कोणी तरी हसलं. माइकवरून सांगितलं की वेळ मोजली जातेय. रक्षाने पाऊल लवकर उचललं नाही.

दुसऱ्या टोकाला पोचून तिने वर, सरांकडे पाहिलं. तिला शब्द हवा होता.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "जा," ते म्हणाले.

मी चपला काढल्या. फरशी थंड होती. तिथे सरकी असण्याचं काही कारणच नव्हतं, हे मला ठाऊक होतं. तरी प्रत्येक पाऊल मी तळवा पूर्ण टेकवत टाकलं. मी तिची सगळी रेषा चालले. मी म्हटलं, "झालं." रक्षा खाली बसली आणि नाड्या बांधायला लागली. माझ्या तोंडून आला तरी तिने तो शब्द तपासून पाहिला नाही.

ती पाचवी आली. चार घेतात. सर परतीच्या बसमध्ये तिला एवढंच म्हणाले की तिसऱ्या गिरकीत मागचा पाय उशिरा उचलला. अंकुशभाऊंनी ते ऐकलं.

सोमवारी सर वर्ध्याला भरती झाले. डाव्या पायाची जखम आत खोलवर गेली होती. उद्या शस्त्रक्रिया आहे. दोन बोटं काढतील असं सांगतात. आत पाहिल्यावर नक्की कळेल असंही सांगतात. सुलोचनाबाई तिथेच आहेत. सपना ड्यूटी संपली की त्यांच्याजवळ बसते.

आज गुरुवार. सकाळी पावणेसहाला सरांचा फोन आला. रात्री पाऊस झाला काय, त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं.

"तिसऱ्या जोडाच्या फटीत पाहजो. काट्याकडून तिसऱ्या. तिथं सरकी उगवते."

मी पाहिलं. फटीतून दोन पानांचा कोंब वर आला होता, टोपीसारखी सरकी अजून डोक्यावर. मी तो उपटून डब्यात टाकला.

आठातली सहा पोरं आली होती. झाडून झालं, चालून झालं. मग मी चालले. भिंतीपाशी आले आणि शब्द तोंडातून निघेना. मी पुन्हा चालले. पोरं स्केट्स मांडीवर घेऊन माझ्याकडे पाहत होती. रक्षा सगळ्यात पुढे. काट्याच्या खिडकीत अंकुशभाऊ उभे होते. फोन माझ्या हातात चालूच होता.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

मी म्हटलं, थांबा. तिसऱ्यांदा चालले. मध्यावर पाय जुळवून उभी राहिले, ते राहायचे तितका वेळ. तळव्याखाली सिमेंट होतं, ओलसर, खरखरीत. बाकी काही लागलं नाही.

मग मी म्हटलं.

पोरं उठली. रक्षा एका पायावर, पाठ पुढे करून पहिल्या वर्तुळात शिरली. चाकांचा आवाज सुरू झाला, जवळ आला, लांब गेला. सरांनी फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.